कावळ्याला दिलेला शब्द

कवठे महांकाळच्या दवाखान्यात दोन वर्षं सेवा करायला म्हणून हॉलंडहून आलेल्या सिस्टर आमच्या शेजारच्या खोलीत राहायच्या. दोनाची सात वर्षं झाली, बोलणं पार आमच्यासारखं झालं, पण उघड्या दारावरही टकटक केल्याशिवाय त्या आत यायच्या नाहीत. मला त्याचा रागच यायचा.

त्यांचे वडील गेल्याचं सिस्टरना एसटीडी बूथवर कळलं, तोवर तिकडं हॉलंडात माती होऊनही गेली होती. दहाव्या दिवशी त्यांनी आपण होऊनच पत्र्यावर पान ठेवलं. पानात वडलांच्या आवडीचा उकडलेला बटाटा, वर लोणी. कावळे लिंबावरच बसून राहिले.

आई म्हणाली, “आवं सिस्टर, जीव अडकलाय त्यांचा कशात तरी. कबूल करा कायतरी.”

सिस्टर हात जोडून त्यांच्या भाषेत हळूच काहीतरी बोलल्या. एक कावळा उतरला आणि बटाटा घेऊन गेला.

“काय कबूल केलं?” आईनं विचारलं.

“या हिवाळ्यात घरला येते म्हणलं.”

“मग जाणार तुमी?”

सिस्टरनी पत्र्यावरचं पान उचललं. “आता दार उघडाय कोण हाय तितं? पर त्यांना खरं वाटलं.”