दाजींनी निवडलेलं इंजिन

आळंदपासून गुलबर्ग्यापर्यंतच्या मुलखात चोरीच्या सीडीला हात लावायला नकार देणारा एकच माणूस होता, आणि तो नेमका माझ्या अक्काच्या वाट्याला आला. तो म्हणजे आमचे दाजी. आळंदच्या स्टँडसमोर, एका कापडाच्या दुकानाच्या माडीवर त्यांचा कॉम्प्युटर क्लास होता. पुण्याला नाहीतर हैदराबादला जायला निघालेली पोरं जाण्याआधी तिथं टायपिंग शिकून जात. क्लासमधली यंत्रं मात्र सगळी डुप्लिकेट सीडीवरच चालायची. मी एकदा ते दाखवून दिलं, तर दाजी शांतपणे म्हणाले, पोटापाण्याचं वेगळं, गेमचं वेगळं.

गेम म्हणजे त्यांना स्वतःला बनवायचा होता तो. दाजींचं घर खजुरी गावचं, पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं राखणारं. त्यांच्या कॉलेजच्या फीसाठी अप्पांनी, म्हणजे त्यांच्या वडलांनी, शेवटचा कळप विकला होता. गेममध्ये एका धनगरानं माळावरून मेंढरं घरच्या मेंढवाड्यात आणायची, वाटेत लांडगे चुकवायचे आणि दुसऱ्याच्या ज्वारीत तोंड घालू द्यायचं नाही, एवढंच होतं. पण असा गेम बनवायला एक तयार सॉफ्टवेअर लागतं, त्याला गेम इंजिन म्हणतात. दाजींनी घरी सांगितलं की इंजिन घ्यायचंय, तेव्हा अप्पांना वाटलं विहिरीवरचं. ते म्हणाले, डिझेलचंच घे, करंटाचा काय भरवसा.

इंजिन निवडण्यात दाजींनी जी वर्षं घालवली तेवढ्यात माझं लग्न ठरलं, झालं, आणि मला मुलगीही झाली. मुलगी बघायला जाऊन, पोहे खाऊन ‘कळवतो’ म्हणणाऱ्या वरपित्यासारखं त्यांचं चालायचं. एक इंजिन दिसायला देखणं, पण क्लासमधल्या यंत्राला ते पेलेना. दुसरं फुकट, पण गेमच्या आभाळात कायम आपल्या कंपनीचं नाव झळकवणारं; माझ्या माळावर त्याची पाटी कामून, असं म्हणून दाजींनी ते नाकारलं. तिसरं दरसाल मानपान मागणारं. माझ्या लग्नाच्या पंगतीत माझ्या सासऱ्यांना शेजारी बसवून त्यांनी हे सगळं जिलबी संपेपर्यंत समजावलं. बिचाऱ्यांना कानानं कमी ऐकू यायचं. ते प्रत्येक वाक्याला ‘व्हय, व्हय’ म्हणत राहिले, आणि दाजी आजही सांगतात की सगळ्या पाहुण्यांत समजदार माणूस तो एकच.

मधेच त्यांचा एक जुना विद्यार्थी पुण्याहून सुट्टीला आला. त्यानं पिशवीतून एक सीडी काढली. जगातलं सगळ्यात महागडं इंजिन, कुलूप तोडलेलं. सर, सगळे हेच वापरायलेत, म्हणाला. दाजींनी त्याला चहा पाजला, घरची खुशाली विचारली, आणि सीडी परत त्याच्या पिशवीत ठेवली. “त्याच्यावर माझी मेंढरं चालायची न्हाईत,” एवढंच बोलले.

शेवटी त्यांनी निवडलं ते परदेशातल्या दोघातिघांनी मिळून बनवलेलं छोटंसं इंजिन. खिशाला झेपणारं, एकदाच पैसे घेणारं, पाट्या न लावणारं. त्या दिवाळीला अक्कानं साडी घेतली नाही. हैदराबादच्या एका ओळखीच्या माणसाच्या कार्डावरून पैसे गेले आणि दाजींनी स्टँडसमोर पेढे वाटले. कशाचे, हे कुणाला कळलं नाही. पेढे मात्र सगळ्यांनी घेतले. पुढं किती दिवस त्यांची मेंढरं रिव्हर्समधल्या एसटीसारखी मागंच चालायची. ज्या दिवशी ती सरळ चालली, त्या दिवशी त्यांनी अप्पांना क्लासमध्ये आणून बसवलं. अप्पांनी चष्मा पुसला, पडद्याकडं बघितलं, आणि कळपाला घालायची ती हाळी घातली. शिकायला आलेली पोरं हसली. दाजी हसले नाहीत.

मग एका वळवाच्या पावसात वीज पडली आणि यंत्र जळालं. गेमची प्रत सीडीवर होती, ती वाचली. नव्या यंत्रावर दाजींनी इंजिन घातलं, तर ते इंटरनेटवरून आपल्या मालकाची परवानगी मागायला लागलं, आणि मालक होता कुठं? त्या परदेशातल्या दोघातिघांची कंपनी बंद पडली होती. दाजींनी मेलमागून मेल केले. सगळे परत आले. त्याच इंजिनाची चोरीची प्रत बाजारात होती आणि ती कुणाची परवानगी मागत नव्हती. पैसे भरलेला माणूस बाहेर, आणि चोर आत बसून खेळायले.

अक्का चिडली. “सगळं जग चोरीचंच चालवायलंय. तुम्हालाच कामून एवढं?”

दाजींनी गेमची सीडी पुसून परत पाकिटात ठेवली. मग म्हणाले, “घर मी घेतलंय. माझ्याच घराला मी भगदाड पाडून कामून शिरू?”

त्यानंतर अप्पा गेले. घरोघरी कॉम्प्युटर आले, क्लास ओस पडला. दाजी आणि अक्काही पुण्याला गेले. तिथं दाजी एका कॉम्प्युटर रिपेअरच्या दुकानात कामाला लागले. मी भेटायला गेलो तेव्हा काउंटरमागं बसून ते गिऱ्हाइकांच्या यंत्रांत एकामागून एक डुप्लिकेट सीड्या भरत होते. मालकाचा तसाच हुकूम होता. मला बघून त्यांनी मान हलवली आणि पुढची सीडी घातली. मला त्या गिऱ्हाइकांचा, त्या मालकाचा, त्या पळालेल्या परदेशी लोकांचा असा राग आला की दुकानातला चहा मी तसाच ठेवला.

संध्याकाळी आम्ही दोघं चालत त्यांच्या खोलीकडं निघालो. रस्त्यावर गाड्यांची रांग हलत नव्हती. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं की त्या गेममध्ये शेवटी जिंकल्यावर काय होणार होतं.

“जिंकायचं काय त्यात,” दाजी म्हणाले. “दिवस मावळतो. मेंढरं घरी येत्यात.”

मग माझा हात धरून त्यांनी मला गाड्यांमधून रस्ता पार करवला.