माशीचा एकच पाय

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही, आमच्या फ्रीजरमधल्या नळ्यांसारखे ते आपोआप साठत जातात. पण सांगायला समोर माणूस लागतं. माझा नवरा ट्रकवर, महिन्यातून दोनदा घरी. तीन वर्षांची गौरी धरणापलीकडच्या वाडीत सासूबाईंकडे, कारण मी कामावर गेले की तिला सांभाळायला कुणी नाही. कासार आंबोलीच्या खोलीत मी आणि स्टोव्ह. म्हणून तुम्हाला सांगते.

इथल्या एका बंगल्यात माश्यांची लॅब आहे. माशीचा एक पाय चिमट्यानं काढून नळीत टाकायचा आणि नळीवर, माशीच्या चिठ्ठीवर एकच नंबर लिहायचा, हे माझं काम. त्या पायातून डीएनए काढतात. मशीनमधून अक्षरांची लांबच लांब ओळ येते. कुणाची ओळ कुणाशी जुळते ते बघून माश्यांच्या घराण्यांची वंशावळ काढतात.

कामाला लागताना मी लॅबमधल्या मॅडमना घाबरत सांगितलं, "मी सातवीच शिकलेय."

मॅडम म्हणाल्या, "इथं चारच अक्षरं लागतात. तीच फिरून फिरून येतात."

* * *

पहिल्याच आठवड्यात जाळीत एक पिवळी पट्टेवाली दिसली. गांधीलमाशी समजून मी ती खिडकीबाहेर झटकली. लॅबचे मोठे सर तिच्यामागं ओढ्याकाठी अर्धा दिवस पळाले होते. साठीचा माणूस. वाटलं, आज घरी पाठवणार.

सर खुर्चीत बसले, चष्मा पुसला. "सुनीताताई, आधी पंख मोजायचे. चार असले तर गांधीलमाशी. दोन असले तर माझा अर्धा दिवस."

* * *

गावातल्या सखाराममामांच्या शेळ्यांच्या वाड्यावर मी जाळी घेऊन गेले होते.

"धरून काय करतीस गं यांचं?"

"एक पाय काढून घेते मामा. त्याच्यावरनं कोण कुणाच्या नात्यातलं ते कळतं."

मामा तंबाखू मळायचे थांबले. "माश्यांचं काढ. आमच्या भावकीत नको काढू बाई. सगळी जमीन परत वाटाय लागंल."

* * *

रविवारी मी वाडीला जाते. घरात सगळे सासूबाईंना आई म्हणतात, म्हणून गौरीची आई त्याच. नणंद मला वहिनी म्हणते. मागच्या महिन्यात मी एसटीतून उतरले, तर गौरी अंगणातून ओरडत आली, "वहिनी आली, वहिनी आली."

सगळे हसले. मीपण हसले.

सासूबाई म्हणाल्या, "हितंच राहू दे तिला. जूनमदी हितल्याच शाळंत घालू. लई रमलीया."

परतीच्या एसटीत शेजारची सीट रिकामी होती. तिच्यावर पिशवी ठेवली.

* * *

दोन आठवड्यांनी नवी वंशावळ छापून आली. सगळ्या माश्या आपापल्या घोळक्यात, आणि एक रेघ लांब, एकटीच बाजूला. सर खूष. नवीन घराणं सापडलं म्हणून पेढे आणायला निघाले.

मॅडमनी ती ओळ कॉम्प्युटरवर परत तपासली. "सर, थांबा. ही माशी नाही. हा माणूस आहे."

रजिस्टर काढलं. नंबर माझ्या अक्षरातला, वाडीहून आल्यानंतरच्या सोमवारचा. मला आठवलं. त्या दिवशी ग्लोव्ह्ज घातलेल्या हातानंच मी डोळे पुसले होते आणि तोच चिमटा परत उचलला होता.

नोकरी गेली असं धरूनच मी सगळं सांगितलं. वहिनीचंसुद्धा.

सरांनी त्या रेघेवर बोट ठेवलं. "अशी एकटी फांदी असली की ती कुठंही जाऊन चिकटते," ते म्हणाले. "तिच्या जवळचं कुणीतरी आणून शेजारी ठेवावं लागतं. मग जागेवर बसते."

मी मान हलवली.

"मी माशीचं बोलत नाहीये. सोमवारी पोरीला घेऊन या."

* * *

सासूबाईंनी नाक मुरडलं, पण गौरीचे कपडे पिशवीत भरून दिले.

पहिल्या दिवशी गौरी टेबलाखाली रिकाम्या डब्यांशी खेळत बसली. वर दिवसभर सगळ्यांचं सुनीताताई, सुनीताताई चाललेलं. संध्याकाळी तिनं माझी साडी ओढली. "सुनीताताई, भूक लागली."

मॅडमचा चिमटा हवेतच राहिला. कुणी हसलं नाही. मी तिला बिस्किट दिलं आणि तोंड फिरवून नळ्या मोजत बसले.

दुसऱ्या दिवशी मॅडम आल्या. पर्स ठेवली, ग्लोव्ह्ज घातले. "आई, अठ्ठावीस नंबरची नळी द्या."

मी मागं वळून बघितलं. मागं कुणी नव्हतं.

लॅबच्या गाडीचा ड्रायव्हर आला. "आई, गेटची चावी कुठाय?"

बुधवारी तेच. गुरुवारी तेच. शुक्रवारी दुपारी मोठे सर पांढऱ्या केसांवरून हात फिरवत दारात उभे राहिले. "आई, आज चहा मिळणार आहे का?"

टेबलाखालून आवाज आला, "आई, आजोबांना चहा दे."