तट्टूला लावलेली हळद

कतारमधल्या फुटबॉल वर्ल्ड कपला अजून तीन वर्षं होती, तेव्हा आमच्याकडे एक तट्टू आलं. राहायला ते दोह्याबाहेरच्या तबेल्यात होतं, जबाबदारी मात्र घरात आली. आमच्या कंपाउंडमधलं एक ब्रिटिश कुटुंब नोकरी संपवून परत निघालं होतं. त्यांचं हे पांढरं, बुटकं, थंड देशातल्या जातीचं जनावर. माझी बारा वर्षांची मुलगी वर्षभर त्याला खरारा करायला जायची, म्हणून त्यांनी ते तिलाच देऊन टाकलं. मी हमद पोर्टवर मालाच्या आवकजावकीचं काम बघतो. घोड्यातलं मला काही कळत नव्हतं. पण नीट वाचलं आणि मोजलं की कुठलंही काम जमतं, असा माझा समज होता.

नोव्हेंबरात त्याचे केस वाढले. बोट घातलं तर दोन पेरं बुडत. दुपारी तीस अंशात ते उभ्या उभ्या घामेजायचं आणि पहाटेच्या दमट हवेत आतली ओल सुकायचीच नाही. पाठीवर खपल्या धरल्या. खपली ओढली की केसांचा झुपका मुळासकट हातात यायचा आणि खाली गुलाबी, चिकट कातडी दिसायची.

जनावरांच्या डॉक्टरबाईंनी उपाय सांगितला: केस काढा, औषधी पाण्याने धुवा, कोरडं ठेवा. केस गेल्यावर रात्री त्याला थंडी वाजेल, म्हणून झूल घाला. पण ऊन चढायच्या आत ती उतरवा, नाहीतर खाली पुन्हा घाम.

"इथे एवढी थंडीच नाही. मग केस का वाढतात?" मी विचारलं.

"ते दिवस लहान झाला की वाढतात," त्या म्हणाल्या. "तुमचं थर्मामीटर बघून नाही."

म्हणजे हे दर हिवाळ्याला होणार होतं.

केस कापायला मोतद्दार आणि मी लागलो. मशीन तापायचं, पातं केसांत रुतायचं, तट्टू लाथा झाडायचं. पाठ आणि बरगड्या झाल्या, पोट आणि पाय राहिले. मोतद्दार लांबून बघत म्हणाला, "साब, ऊपर से बकरा, नीचे से भालू."

घाई करायचं कारण वेगळंच होतं. तबेल्याच्या जागेतून नवा रस्ता जाणार होता. डिसेंबर संपायच्या आत सगळ्यांना जागा सोडायची होती. आम्हाला परवडेल आणि जिथे जागा शिल्लक आहे असा दुसरा तबेला एकच होता. तिथला मॅनेजर आधी येऊन जनावर बघणार होता आणि कातडीचा रोग असलेलं जनावर तो आत घेत नसे. पाठ बरी झाली तर तट्टू मुलीकडे राहणार, नाहीतर नाही.

मोतद्दाराच्या अंगावर बरेच घोडे होते, म्हणून झूल उतरवायला मीच जायचो. तबेला शहराच्या एका टोकाला, पोर्ट दुसऱ्या. त्या काळात रस्ते रोज बदलायचे. काल वळलो होतो तिथे आज बॅरिकेड. नवं डायव्हर्जन भलत्याच पुलावर चढवायचं आणि परत फिरायला जागा मिळेपर्यंत ऊन वर आलेलं असायचं. झुलीखाली हात घातला की गरम ओल लागायची. कितीही आधी निघालो तरी रस्ता माझ्या आधी उठलेला असायचा.

माझी बायको नाशिकची. कापलं, खरचटलं, भाजलं, तिच्या हाताला पहिली हळद लागते. आमच्या दोघांच्याही घरात तेच. ती म्हणाली, "औषधाच्या पाण्याने कातडी तडकलीय त्याची. खोबरेल तेलात हळद कालवून लावू या." मला ते पटलं. एका शुक्रवारी आम्ही तिघांनी मिळून त्याची अख्खी पाठ माखली.

"नवरदेवाला हळद लावून घोड्यावर बसवतात," बायको म्हणाली. "आपण घोड्यालाच लावली."

"मग बायको कुठाय त्याची?" मुलगी म्हणाली. एरवी ती आमच्याशी इंग्रजीतच बोलते. त्या हिवाळ्यात आम्ही तेवढंच हसलो.

तेलावर धूळ बसली, वरून झूल आली. चार-पाच दिवसांत खपल्या पाठीवरून बरगड्यांपर्यंत पसरल्या. तेल शाम्पूने निघालं, पण पांढऱ्या केसांतली हळद काही जाईना.

मॅनेजर आला तेव्हा तट्टू पिवळंच होतं.

"हे काय फासलंय?" त्याने इंग्रजीत विचारलं.

"हळद."

"जेवणात घालतात ती?"

"हो. आमच्याकडे जखमेवर लावतात."

"आमच्या धंद्यात जखम लपवायला लावतात," तो म्हणाला. पाठीवरून त्याने बोट फिरवलं, एक झुपका निघाला. मी पंधरा दिवसांची मुदत मागणार होतो. पण एकदा रंग फासणारा पुन्हाही फासेल, हे त्याच्या तोंडावरच लिहिलं होतं. "खलास," म्हणत तो हात धुवायला गेला. मुलगी तट्टूची मान धरून उभी होती. तिने मान सोडली नाही आणि आमच्याकडे बघितलंही नाही.

शेवटी जुन्या तबेल्याच्या मालकाने उत्तरेकडे एका मेंढ्यांच्या फार्मवर सोय लावून दिली. तिथल्या राखणदाराला मी झूल दिली, कधी घालायची आणि कधी काढायची ते समजावलं. त्याने ती परत माझ्या हातात ठेवली. "साब, मेंढ्या तीनशे आणि मी एकटा. रोज कोण घालणार, कोण काढणार?" तो चुकीचं बोलत नव्हता. केस आम्ही कापलेले आणि आता झूलही नाही. तट्टू उघड्यावर मेंढ्यांत जाऊन उभं राहिलं.

फेब्रुवारीत आम्ही एकदा गेलो. कापलेल्या जागी खुरटे केस आले होते आणि खपल्या पोटापर्यंत पोचल्या होत्या. मुलगी गाडीतून उतरेना.

"चल ना, गाजरं आणलीत आपण," मी म्हटलं.

"नको, बाबा. तो ओळखेल मला."

मी एकटाच कुंपणापर्यंत गेलो. त्याने गाजरं खाल्ली आणि माझ्या मागे गाडीकडे बघत राहिलं. मी परत आलो, गाडी सुरू केली. पुन्हा आम्ही तिकडे गेलो नाही.