शेजारच्या आजींचं अंजीर

बाळांनो, डार्मश्टाटला आमच्या शेजारी एक जर्मन आजी राहतात. त्यांच्या कुंडीतलं अंजीर दर ऑगस्टमध्ये फळांनी लगडतं आणि त्या वाटीभर फळं आम्हाला आणून देतात. मी हसून घ्यायचे, पण मनातून जळायचे. माझं झाड त्याच नर्सरीतलं, त्याच वयाचं आणि तरीही वांझोटं.

लाडात मी काही कमी केलं नव्हतं. थंडी पडली की माझी कुंडी घरात, हीटरजवळ, तुळशीच्या शेजारी. आंघोळ झाली की तुळशीला पाणी घालायचं, तसंच अंजिरालाही. जानेवारीत त्याला कोवळी पानं फुटायची आणि मला वाटायचं, आता बघा म्हणावं!

मागे एकदा ऐन हिवाळ्यात शेजारच्या आजी कॉफीला आल्या आणि ती पानं पाहून हसल्याच. म्हणाल्या, "याला झोपू द्या हो! माझं आपल्या इमारतीच्या तळघरात आहे, थंडीत, अंधारात. पानं गळली की मी पाणीसुद्धा जवळजवळ बंद करते."

"ऐकलंस?" तुमचे आजोबा म्हणाले. "तुझ्या पूजेनं बिचाऱ्याला जागरण घडतंय."

मला दोघांचाही राग आला. तरी पुढच्या हिवाळ्यात पानं गळताच मी मुकाट्यानं कुंडी तळघरात नेली, त्यांच्या कुंडीपासून जरा लांबच ठेवली.

यंदा माझ्या झाडाला अंजिरं आली. त्यांची जास्त आहेत, पण माझी आधी पिकली. हे मी लगेच त्यांच्या दाराची बेल वाजवून सांगून आले.