फुटू न द्यायची मिरची

नऊ दिवस नवऱ्याचा फोन नव्हता. तो जहाजावर खलाशी, आणि त्याचं जहाज तेव्हा पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्याला होतं. झाई गावातल्या आमच्या घरात मी त्यानेच शिकवलेलं तिकडचं चवळीचं कालवण शिजत घातलं. त्याने आणलेलं लाल पाम तेल, टोमॅटो, आमची सुकट आणि वर तरंगणारी तिकडचीच एक सुकी गोल मिरची. ती अख्खी ठेवून शेवटी काढायची. फुटली तर घास तोंडात घालवणार नाही, असं त्याने बजावलं होतं.

मी मूर्खासारखं मनाशी ठरवलं, की मिरची फुटली नाही तर तो सुखरूप आहे. झालं, डाव हातातच राहिला. चवळी खाली लागत होती, तरी ढवळायचा धीर होईना.

जन्मभर सासऱ्यांच्या होडीची वाट बघितलेल्या सासूबाई करपल्याच्या वासाने धावत आल्या. टोपात फुगलेली मिरची आणि माझं तोंड बघून त्यांना सगळं कळलं. त्यांनी डाव हिसकावला आणि मिरची टोपाच्या कडेला चिरडली.

"समुद्राशी असले सौदे मीपण केलेत," त्या म्हणाल्या. "बस जेवायला, आणि पोटभर रड. तिखटाचं रडू कोण विचारतंय?"