ओरखडे काढणारा पुंजाजी

पॉलिशचा डबा विकत घेण्याआधी पुंजाजी तो चाखून पाहायचा. खामगावातल्या रंगाच्या दुकानदाराला पहिल्यांदा वाटलं, माणसाचं डोकं फिरलेलं दिसतंय. डब्याचं झाकण उघडायला लावून हा गडी चिमूटभर मलम बोटावर घेई, दोन बोटांत चोळी आणि मग पुढच्या दातांत धरून हळूच चावे. दाताखाली करकर लागली की थुंकून म्हणायचा, "हे बसच्या पत्र्याले ठीक आहे. मोटारीले नाई चालत." दुकानदार नाक मुरडायचा. पण पुढे पुढे तोच नवा माल आला की एक डबा फोडून पुंजाजीसाठी बाजूला ठेवू लागला.

पुंजाजी पिंपळगाव राजाच्या भगवानरावांचा ड्रायव्हर. भगवानरावांची जमीन मोठी, त्यात त्यांच्याकडे काळी अँबॅसिडर, आणि त्या काळात तालुक्यातल्या मोटारी हातापायांच्या बोटांवर मोजून झाल्या असत्या. मोटारी कमी आणि ओरखडे फार. गाडीवाटेनं समोरून बैलगाडी आली की तिच्या आखाची रेघ दरवाजावर बसलीच. बाभळीचे काटे होते, म्हशींची शिंगं होती, आणि चकचकीत काही दिसलं की त्यावर खडा ओढून पाहणारी माणसं तर गावोगाव होती. असा ओरखडा पडला की धामणगाव बढ्यापासून खामगावापर्यंतचे मोटारवाले एकच नाव घ्यायचे. पुंजाजीकडे जा, तो काढून देईल.

तो ही विद्या कुठे शिकला, हे मात्र कुणी विचारलं नाही. हौसेनं तर शिकलाच नव्हता. त्याच्या घरात एक चूक झाली, त्यातून ती आली. आणि त्या चुकीहून मोठी चूक त्याची स्वतःची होती. लोक त्याच्या हाताचं कौतुक करायचे तेव्हा तो खाली मान घालायचा. लोकांना वाटायचं, काय विनयशील माणूस आहे. विनय कसला, पोटात तीच चूक खुपत असायची.

त्रेसष्ट सालची खांडेनवमी. त्या दिवशी घरातली सगळी अवजारं धुऊन-पुसून पूजेला मांडायची. नांगर, विळे, कुऱ्हाडी, आणि ड्रायव्हराच्या घरी मोटार. भगवानराव कोर्टाच्या कामाला नागपूरला गेले होते, दुसऱ्या दिवशी जलंब स्टेशनवर उतरणार होते. पुंजाजी हिवतापानं दोन गोधड्यांखाली कुडकुडत पडलेला. गोठ्याशेजारच्या दोन खोल्यांत तो आणि त्याची बायको रुख्मिणी, एवढंच घर. मुलं दोन झाली होती. पहिला मुलगा अकरा दिवसांचा होऊन गेला. मुलगी सात महिन्यांची झाली होती, ओळखून हसायला लागली होती, आणि एका रात्रीच्या हगवणीत तीही गेली.

रुख्मिणीच्या हातची भांडी अख्ख्या आळीत प्रसिद्ध होती. चुलीतली राख ती फडक्यातून चाळून घ्यायची, नारळाची शेंडी ओली करायची आणि पितळेचा लोटा असा घासायची की त्यात तोंड पाहून कुंकू लावावं. नवरा तापानं पडलाय, उद्या मालक येणार, आणि पूजेची मोटार धुळीनं माखलेली. बाईला वाटलं, एवढं काम आपण करून टाकू, उठल्यावर त्याला बरं वाटेल. आणि तिनं काढली की चाळलेली राख. पदर खोचून, सकाळपासून दुपारपर्यंत, तिनं ती मोटार देवाच्या तांब्यासारखी घासली.

पुंजाजी घाम येऊन उठला आणि दाराशी आला. ऊन नेमकं बॉनेटवर पडलं होतं. त्या काळ्या रंगावर जिकडे पाहावं तिकडे गोल गोल ओरखड्यांची वळणं, जाळं पसरल्यासारखी. मागच्या दरवाजापर्यंत एक वीत जागा सुटली नव्हती. शेजारी रुख्मिणी हळदीकुंकवाचं ताट घेऊन उभी, दमलेली आणि खूश. तो काय म्हणतो याची वाट पाहत होती.

तो म्हणाला, "तुह्या हाती देल्लं ते काईच टिकत नाई."

तो मोटारीबद्दलच बोलला होता. पण शब्द तोंडाबाहेर पडतानाच त्याला कळलं की ती काय ऐकणार. रुख्मिणीनं ताट खाली ठेवलं, हात पदराला पुसले आणि ती आत गेली. भांडली असती, रडली असती, तर त्यालाही काही बोलता आलं असतं. ती फक्त आत गेली. पुंजाजी दाराच्या चौकटीला धरून उभा राहिला, आणि ज्या क्षणी माफी मागायची तो क्षण त्यानं मोटारीकडे बघण्यात घालवला.

वाईट याचं वाटतं की मालकाला त्या मोटारीचं काहीच वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी जलंब स्टेशनच्या बाहेर पुंजाजी हात जोडून उभा होता, आता नोकरी गेली असं धरून. भगवानरावांनी मोटारीभोवती एक चक्कर मारली आणि ते मोठ्यानं हसले. "देव घासावा तशी घासली बे हे. निघते का पाह्य आता. नाई निघालं तं राहू दे, चालते तं आहे ना." एवढंच. ज्या भीतीनं तो बायकोला बोलला, ती भीती अशी हसण्यावारी गेली.

पण पुंजाजीनं मनाशी घेतलं, हे ओरखडे काढायचेच. ते गेले की तो शब्दही जाईल, असं काहीतरी त्याच्या डोक्यात बसलं. आधी त्यानं जवसाचं तेल चोळलं. मोटार अशी चमकली की त्याला स्वतःच्या हुशारीचं कौतुक वाटलं. तासाभरानं ऊन चढलं, तेल सुकलं, ओरखडे होते तिथे परत आले आणि वर धूळ चिकटली ती वेगळी. मग खामगावहून त्यानं मलमाचा डबा आणला आणि पोत्याच्या तुकड्यानं घासायला घेतला. मलम होतं बसगाड्यांसाठीचं, जाडंभरडं. गोल ओरखडे गेले आणि त्यांच्या जागी आडवे आले. कापसाचं गाव म्हणून जिनिंगमधून रुई आणली, तर तिच्यात सरकीची बारीक टरफलं निघाली. त्यांनीही आपली रेघ ओढलीच.

शेवटी कुणीतरी त्याला शालिग्रामचं नाव सांगितलं. शालिग्राम खामगावातला म्हातारा रंगारी, आयुष्यभर टांगे आणि बग्ग्या रंगवलेला. त्यानं मोटार पाहिली आणि पुंजाजीच्या हाताचा अंगठा धरून नख एका ओरखड्यावरून फिरवलं.

"अडकते का?"

"नाई."

"मंग निघते. नख अडकलं तं समज, ते पार रंगाखालच्या अस्तरापर्यंत गेलं, त्याले हात लावू नोको. आन एक ध्यानात ठेव. ओरखडा निघत नसते बे. आजूबाजूचा रंग झिजवून त्याच्या बरोबरीला आनावा लागते. म्हनून घासलं की रंग कमीच होते."

चाखून पाहण्याची युक्ती शालिग्रामचीच. घोड्याच्या पाठीवर घालायचा नमदा कापून त्याची गादी कर, असंही त्यानंच सांगितलं. लोकर दाबून केलेला तो जाड नमदा हाताखाली दबतो आणि पत्र्याला जोर एकसारखा लागतो. नमद्यावर आधी बारीक मलम, मग जुन्या धोतराचं फडकं, शिवण आणि काठ उसवून काढलेलं, आणि शेवटी फलालीनवर मेणाचं पॉलिश. बारीक मलम खामगावात मिळेना. पुंजाजीनं अकोला पालथं घातलं, मुंबईला सरकी नेणाऱ्या ट्रकवाल्यांच्या हातापाया पडला. पंधरा-वीस दिवसांनी मोटार पुन्हा आरशासारखी झाली.

त्या संध्याकाळी त्यानं ती दारात उभी केली आणि रुख्मिणीला हाक मारली. ती आली, तिनं पाहिलं. "चांगली झाली," म्हणाली आणि चुलीकडे वळली. तो शब्द जिथल्या तिथे होता.

यानंतर पुंजाजीनं जे केलं ते चांगल्या मनानंच केलं, हे मला मान्य आहे. तरी त्याचा राग येतो. रुख्मिणीच्या हाताचा विषयच निघू नये म्हणून तो तिला काही मागेनासा झाला. पॉलिशचे डबे, नमदे, फडकी त्यानं उंच फळीवर ठेवली. फडकी स्वतः धुवायचा. पाणी स्वतः ओतून घ्यायचा. शर्टाचं बटण तुटलं तर स्वतः टाचायचा. तिला त्रास नको, तिला ते आठवायला नको. खामगावाहून येताना वाटभर तो मनात वाक्य जुळवायचा आणि दारात आला की मोटार पुसत बसायचा. ती वाढून ठेवायची, तो जेवायचा. मूलबाळ पुन्हा झालं नाही. नऊ वर्षं गेली. म्हणायला दोन शब्द लागतात, नऊ वर्षं.

बाहत्तरचा दुष्काळ पडला तेव्हा रस्तोरस्ती खडी फोडायची कामं निघाली. उडणाऱ्या गिट्टीनं साहेबलोकांच्या जीपगाड्यांचे रंग सोलून निघू लागले आणि पुंजाजीला श्वास घ्यायला फुरसत राहिली नाही. त्याच वर्षी त्याची बोटं गेली. म्हणजे होती जागेवर, पण रॉकेलनं आणि मलमानं त्यांची कातडी गुळगुळीत झाली होती. धामणगाव बढ्याच्या एका व्यापाऱ्याच्या फियाटवर तो घासत राहिला, घासत राहिला, आणि एकाएकी काळ्या रंगातून खालचं लाल अस्तर उघडं पडलं. त्याला काहीच कळलं नव्हतं. पुंजाजी घरी येऊन ओट्यावर बसून राहिला.

पुढच्या आठवड्यात दारात दुसरी मोटार उभी होती. पुंजाजीनं तिच्या दरवाजावर नख फिरवलं, परत फिरवलं, तिसऱ्यांदा फिरवलं. मग त्यानं नऊ वर्षांत पहिल्यांदा बायकोला नावानं हाक मारली.

"रुख्मिणी, बाहेर ये जरा. तुहा हात पाह्यजे."

ती उंबऱ्यात आली. "माहा हात?"

"माह्या बोटाले आता काईच समजत नाई. नख अडकते का नाई, ते तू पाहून सांग."

तिनं हात पदराला पुसला. पुन्हा पुसला. मोटारीजवळ आली आणि हात तसाच धरून उभी राहिली.

"खराब होईन," ती म्हणाली.

"नाई होत." पुंजाजीनं फडकं खाली ठेवलं. "तवा बी मोटारच खराब झालती, ते निघालं. मी जे बोललो ते बोलाले नोको होतं. लेकरायचं माह्या मनात नव्हतं. खरंच नव्हतं."

"ते मले मालूम होतं," ती म्हणाली. "रागात मानूस बोलते. ते तं मी दिवाळीच्या आत गिळलं. पन मंग तुमी मले काईच मांगितलं नाई. पान्याचा लोटा बी सोताच भरून घेत गेले. मले वाटलं, याहिले माहा हातच नोको आहे. मी वाट पाहून राह्यली होती, आज मांगतीन, उद्या मांगतीन."

तो शब्द पुसायला पुंजाजीनं जे जे केलं, त्यानंच तो शब्द नऊ वर्षं रोज घासून ठसठशीत केला होता. तो मटकन खाली बसला आणि लहान पोरासारखा रडला. तिनं त्याला रडू दिलं. मग मोटारीवर वाकून नख फिरवलं. "इथं अडकते," म्हणाली. "तिथं नाई."

मग चार महिने दोघांनी मिळून काम केलं. आणि खरं सांगायचं तर बाई त्याच्याहून सरस निघाली. डोळे मिटून बोट फिरवायची आणि सांगायची, इथे अजून चार हात मार, इथे आता थांब. धोतराच्या फडक्यात राहून गेलेली शिवण तिला हातात घेताच कळायची. एकदा दोघं खामगावला दुकानात गेली तेव्हा पुंजाजीनं मलम दाताखाली धरलं, तर ती पदर तोंडाला लावून हसू लागली. "चुना खाल्ल्यावानी काय खाता हो," म्हणाली, आणि स्वतः नुसतं दोन बोटांत चोळून डबा परत केला. "खरबरं आहे." दुकानदारानं मुकाट्यानं दुसरा डबा काढला. येताना बसमध्ये ती मुलीबद्दल बोलली, ती कशी ओळखून हसायची ते. नऊ वर्षांत तिनं मुलीचं नाव काढलं नव्हतं.

पौषात तिला कावीळ झाली. आधी झाडपाला केला, मग खामगावच्या दवाखान्यात नेलं. आठ दिवस ती तिथे होती. पुंजाजी उशाशी बसून असायचा आणि सतत काहीतरी मागायचा. माहा सदरा नीट कर, माह्या डोक्यावर हात ठेव, हे पाह्य, ते सांग. शेजारच्या खाटेवरच्या बाईला राग आला. बायको मरणाच्या दारात आणि याचं मागणं संपत नाही. रुख्मिणीला राग येत नव्हता. हात उचलेनासा झाला तेव्हाही ती नुसती बोटं हलवायची, आणि तो आपलं डोकं त्या बोटांखाली नेऊन ठेवायचा. नवव्या दिवशी पहाटे ती गेली.

तिचे तेरा दिवस झाल्यावर पहिली मोटार आली. तिच्या मालकानं विचारलं, पुंजाजी, हे निघेल का? पुंजाजीनं ओरखड्याकडे पाहिलं, हात पुढे केला नाही. "मले नाई समजत," तो म्हणाला, "समजनारी गेली."

मालकानं कळवळून विचारलं, किती वर्षं संसार झाला? पुंजाजी म्हणाला, नऊ वर्षं मी वाया घालवली, चार महिने संसार झाला.