बादलीतला बाप्पा

गाझियाबादच्या आमच्या कॉलनीत दर रविवारी एक बाई टॉर्च घेऊन डासांच्या अळ्या शोधत यायच्या. पगार नाही, गणवेश नाही, दारावर थाप आणि "भाभीजी, कूलर दिखाओ!" त्यांचं नाव आम्ही कधी विचारलंच नाही. चहा दिला तर आधी कपात डोकावायच्या. गल्लीत डेंग्यू झाल्यापासून साचलेलं पाणी दिसलं की त्यांचे हात शिवशिवायचे. आमची मनी प्लँटची बाटली, चिमण्यांचं भांडं, सगळं त्यांनी निर्दयपणे पालथं केलं होतं.

एका रविवारी बाल्कनीत जाऊन त्या थबकल्या. बादलीत आमचा गणपती होता. आईने विसर्जन घरीच केलं होतं. पण दुकानदाराने शाडूची म्हणून गळ्यात मारलेली मूर्ती काही केल्या विरघळेना. आठवडाभर बाप्पा गळ्यापर्यंत पाण्यात बसून होते.

बाईंचा हात बादलीकडे गेला.

"खबरदार!" आई मराठीतच ओरडली.

बाईंनी टॉर्च मारला. सोंडेभोवती अळ्या वळवळत होत्या. आईने बाप्पाला उचललं. बाईंनी चपला काढल्या, पाणी खाली मातीत ओतलं, ताजं भरलं. दुसऱ्यांदा विसर्जन झालं. बाईंनी बादलीवर आपली ओढणी घट्ट बांधली.

सवयीने आई पुटपुटली, "पुढच्या वर्षी लवकर या."

बाईंनी मला अर्थ विचारला. मी सांगितला. देवाकडे मागणारे पुष्कळ पाहिलेत, देवाला सूचना देणाऱ्या ह्या बाई एकट्याच. ओढणीसमोर हात जोडून त्या म्हणाल्या, "जल्दी आइए, ज़रूर आइए. लेकिन प्रभु, घुलिए भी जल्दी."